झाकणावरची चार बोटं

संशय घ्यावा तर आम्हीच! लातूरचा नवा जिल्हा झाला, तरी आमच्या गल्लीचे नळ कोरडेच. टँकर आला की पाणी गल्लीच्या एका पिंपात भरायचं आणि राखण करायची मी! झाकणाला कुलूप नव्हतं. कशाला हवं? हा लिंबाजी सख्ख्या भावावरही विश्वास ठेवत नाही, हे गल्लीला ठाऊक होतं. आयुष्यात मिळालेला तेवढा एकच मान मी जिवापाड जपत होतो.

त्यात जयंतीला स्टेजवर मी गिटार वाजवणार होतो! नांदेडहून आणलेली जुनी गिटार. बोटं दाबायची लाकडी पट्टी फिकी पडली होती, म्हणून केसांचा कलप लावून मी ती काळीकुट्ट केली. पण बोट टेकवलं की बोट काळं! वर टिकाऊ काहीतरी मारणं भाग होतं.

मन्मथ सुतार म्हणाला, "स्पिरिटात चपडा, म्हंजे लाख, विरघळवा. पातळ हात मारा अन् वाळू द्या."

उरलेल्या स्पिरिटवर याचा डोळा असणार!

पेंटवाला म्हणाला, "वार्निश मारा. पाऊस आला तरी काय व्हायचं न्हाई."

कुठला पाऊस? जुना माल खपवत होता लेकाचा!

"जवसाचं तेल चोळा की," बायको म्हणाली. पंचशीलाला हे कुणी शिकवलं? मला तिचाही संशय आला.

शेवटी चपडाच मारला, संध्याकाळी. पण वाळला की नाही, हे दुसऱ्याच्या शब्दावर का मानायचं? मी घटकाघटकाला बोटं टेकवून बघत राहिलो. बोटं काळी, चिकट! राखेनं घासून हात लख्ख केले, तेव्हा कुठं झोप लागली.

सकाळी गल्लीत बोंब! पिंपातलं पाणी उतरलेलं आणि झाकणावर चार काळी बोटं!

"चोर!" मी ओरडलो. "अन् हरामखोरानं माझ्या गिटारीलाही हात लावलाय! हात दाखवा सगळ्यांनी!"

सगळी गल्ली रांगेत उभी केली. पण सगळ्यांचेच हात मळके! धुवायला पाणी होतं कुणाकडं? मला अख्खी गल्लीच चोर दिसायला लागली.

पंचशीला भडकली. "आमचे काय बघता? ह्यांचे बघा! एवढे लख्ख हात हायेत का गल्लीत कुणाचे?"

सगळे माझ्या हातांकडे बघायला लागले. शेजारची भामाबाई पुढं आली.

"लई लख्ख हायेत. कशानं धुतले रं, लिंबाजी?"

"राखेनं!"

"अन् राख कशानं धुतलीस?"

मी हात पाठीमागं लपवले. "ते... राखणदाराचा तेवढा हक्क... दोनच तांबे, मावशे!"

राखण त्याच दिवशी भामाबाईकडं गेली. जयंतीला दुसऱ्याच गाण्यात पट्टीचा रंग पुन्हा बोटांना लागला. झाकणावरची चार बोटं मात्र अजून जशीच्या तशी आहेत. पाणी न्यायला येणारा आधी ती बघतो आणि मग माझे हात!