सोमवारच्या पाहुण्यांसाठी रेडिओ

पाहुणे येतील तेव्हा घरात रेडिओ वाजत असला पाहिजे, असं भागोजीने ठरवलं. धाकट्या बहिणीला, राहीला, बघायला राजापूरहून मंडळी येणार होती. याआधीची दोन स्थळं हातची गेली होती, आणि ती रेडिओ नसल्यामुळेच गेली, असं भागोजीचं ठाम मत होतं (घरात दुसऱ्या कुणाचं नव्हतं).

मिरकरवाड्यातल्या एका सुक्या मासळीच्या दुकानात त्याला बंद पडलेला जुना व्हॉल्व्हचा रेडिओ मिळाला. भागोजी कचेरीत कारकून. आजवर त्याने दुरुस्त केलेली एकमेव वस्तू म्हणजे छत्री. ती तेव्हापासून मिटेना, म्हणून ओटीवर उघडीच असे. तरी त्याने बेधडक रेडिओ उघडला. सुटलेली तार जोडली. आत धुळीने काळे पडलेले बारीक वाकडे पार्ट विखुरले होते, तेही चिमट्याने उचलून व्हॉल्व्हच्या कडेला नीट बसवले.

"अवो, पुसून तरी घ्या," बायको मथुरा म्हणाली.

"टेक्निकल वस्तू हाय ती! फडकं लावायचं नाय!"

आणि रेडिओ चक्क बोलू लागला. भागोजीचे पाय जमिनीवर ठरेनात.

सोमवारी मुलाचे वडील गंगाराम आले, ते एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून. श्रावणाने माणूस पार सुकला होता. भागोजीने ऐटीत बातम्या लावल्या. रेडिओ तापला, आणि बातम्यांबरोबर घरभर सोडे, म्हणजे सुकी कोळंबी, भाजल्याचा खमंग वास सुटला.

श्रावणी सोमवारी! राहीने खिचडीची ताटली घाईघाईने पाहुण्यांपुढे सरकवली. मथुराने कपाळावर हात मारला. तिसरंही स्थळ गेलं म्हणायचं.

"बंद करतो," भागोजी पुटपुटला.

"ऱ्हाऊंदे!" गंगाराम ओरडले. डोळे मिटून त्यांनी मोठा श्वास घेतला. "बातम्या झकास हायत." तीन ताटल्या खिचडी संपवून ते म्हणाले, "पोरगी पसंत."

पाहुणे गेल्यावर मथुराने रेडिओ उघडला. "हे तुमचे पार्ट? जन्मभर सोडे खाल्लात नि वळखलात नाय?"

भागोजी भयंकर ओशाळला. त्याने सगळे सोडे वेचून फेकले आणि आतला भाग रॉकेलने घासून काढला.

पुढच्या सोमवारी तारीख धरायला गंगाराम भावाला घेऊन आले. "आधी रेडिओ लावा," म्हणाले. आवाज अगदी स्वच्छ आला. गंगारामांनी हुंगलं. मागे वाकून पुन्हा हुंगलं. तोंड उतरलं.

"बिघडवलात हो! आधी ह्यो दुरुस्त करा, तारीख मग बघू."

भागोजीला घाम फुटला. मथुरा मात्र आत गेली, मुठीत काहीतरी घेऊन आली आणि रेडिओमागे घटकाभर खुडबुड केली. जरा वेळाने गंगारामांचा चेहरा फुलला. तारीख ठरली.

निघताना ते भागोजीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "रेडिओचं काम वयनींनाच करूंदे. तुमी आधी ती छत्री मिटवा."