हजर, पण झोपलेला

"आबा, रेकॉर्डप्रमाणे तुम्ही त्या दिवशी फौजेत नव्हतात," कामिनी म्हणाली आणि तिनं स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

कौतिकआबांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला, स्क्रीन पाहिली आणि चष्मा परत कपाळावर ढकलला. "मग कुठं होतो मी?"

"ते नाही लिहिलेलं. पंधरा ऑगस्ट सत्त्याण्णवला जो जो नोकरीत होता, त्याला स्वातंत्र्याच्या पन्नाशीचं पदक मिळालं. सगळ्यांना. तुमच्या नावापुढं ते नाही. म्हणजे हिशेबानं तुम्ही नव्हतात."

पिंप्राळ्यातल्या कामिनीच्या दुकानात झेरॉक्स, पॅनकार्ड, लाइटबिल आणि सातबारा एवढं सगळं व्हायचं. माणूस होता की नव्हता याचा निकाल तिथं पहिल्यांदाच लागत होता.

आबांना हे पदक इतकी वर्षं आठवलंही नव्हतं. शौर्याचं नाही, जखमेचं नाही, नुसतं हजेरीचं. शाळेत वाटतात त्या गोळीसारखं. पण मागच्या गल्लीतला रिटायर्ड नायक पुना भोळे बागेच्या कट्ट्यावर रोज सकाळी विचारायचा, "कौतिकराव, त्या दिवशी वर्दीत जो श्वास घेत होता त्याला मिळालं. तुम्ही काय श्वास रोखून धरला होता का?" कट्टा हसायचा. आबाही हसायचे आणि घरी यायचे.

घरी यायचे म्हणजे कुलूप काढायचे. बायको, रूपा, जाऊन तिसरं वर्ष चालू होतं. मुलगा दीपक बेंगळुरूला. तो रविवारी फोन करून "जेवलात का?" विचारायचा आणि उत्तर यायच्या आत "काळजी घ्या" म्हणायचा. आठवड्यात घराला लागणारा दुसरा आवाज गॅस कंपनीच्या बाईचा. ती सिलेंडरची नोंद झाल्याचं सांगून शेवटी धन्यवाद म्हणायची. आबाही तिला धन्यवाद म्हणायचे. तेव्हा 'तुम्ही नव्हतात' हे वाक्य दुसऱ्या कुणाला लागलं नसतं इतकं आबांना लागलं. दिवसेंदिवस त्यांनाही तसंच वाटायला लागलं होतं, आणि आता ते सरकारनंही मान्य केलं होतं.

"दुरुस्त कर," ते म्हणाले. "लागेल ते कर. मी तिथं होतो एवढं लिहून पाहिजे."

कामिनीनं अर्ज पाठवला. उत्तर आलं ते सरळ होतं. त्या दिवशी अर्जदाराबरोबर हजर असलेल्या, आणि सदर पदक स्वतः मिळालेल्या, एका सहकाऱ्याचा जबाब जोडा.

"कोण होतं बरोबर?"

आबांनी स्क्रीन बाजूला सारली. "एकच जण होता," ते म्हणाले. "आणि त्या दिवसापासून आम्ही बोलत नाही."

उखर्डू अहिरे. साक्रीच्या पुढं, डोंगराला लागून त्याचं गाव. दोघे एकाच खच्चर पलटणीत होते. खच्चरांवर रेशन लादून बर्फाच्या ठाण्यांवर पोचवायचं, हे त्यांचं देशरक्षण. पलटणीत खानदेशचे दोघेच, म्हणून भावासारखे राहिले आणि मग भावासारखेच भांडले.

आबा धुळ्याला गेले, तिथून साक्रीला, तिथून जीपच्या मागच्या फाळक्यावर बसून गावाला. उखर्डू अंगणात म्हशीला पाणी दाखवत होता. त्यानं वर पाहिलं.

"कौतिक का रे तू? आत्ते उना का? मी तं समजनू, मरी गया व्हशी."

"अजून नाही. पण सरकारी हिशेबानं जवळजवळ." आबांनी सगळं सांगितलं. "तू एवढंच लिहून दे, की मी तिथं होतो."

"व्हता ना," उखर्डू लगेच म्हणाला. "शंभर टक्के व्हता."

आबांच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं.

"पन जपेल व्हता."

ते पाणी जागच्या जागी थांबलं. जपेल. झोपलेला. त्यांच्या भांडणात हा एकच शब्द होता आणि उखर्डूनं तो जराही मळू न देता जपून ठेवला होता.

त्या दिवशी अख्खी कंपनी खालच्या मैदानावर परेडला गेली होती. वर तंबूत सगळ्यांसाठी बुंदीचे लाडू, राखणीला हे दोघे, आणि तंबूबाहेर बांधलेली बिजली नावाची खच्चर. उखर्डू झऱ्यावर पाणी आणायला गेला. आबा पोत्याला टेकले. आबांच्या मते त्यांनी डोळे मिटून विचार केला. खाली राष्ट्रगीत संपलं तेव्हा उखर्डू परत आला, तर बिजली परात चाटत होती.

"तिनी बठ्ठा लाडू खाई टाकात," उखर्डू म्हणाला, अजूनही त्याच दुःखानं.

देशभक्तीनं भरलेली आणि पोटानं रिकामी अशी सगळी कंपनी डोंगर चढून वर आली. पुढं काय झालं ते दोघांनीही कधी कुणाला नीट सांगितलं नाही. एवढं खरं, की पदकाची यादी करणाऱ्या हवालदारानं ती त्याच रात्री केली, लाडू न खाता केली, आणि तीत दोन नावं राहून गेली.

"दोन?" आबा म्हणाले. "म्हणजे तुलाही नाही मिळालं?"

"नही. पदक काय म्हशीले दाखाडू?"

आबा परत आले. कामिनीनं उखर्डूचं नाव घालून पाहिलं आणि डोकं धरलं. "आबा, त्यांनाही पदक नाही, म्हणजे तेही नव्हते. जो नव्हता तो, तुम्ही होतात असं कसं सांगणार? आणि तुम्ही नव्हतात, म्हणून तुम्ही त्यांचं सांगू शकत नाही. मग त्या तंबूजवळ होतं कोण?"

"बिजली."

"ती कोण?"

"खच्चर."

कामिनीनं खुर्ची मागं सरकवली. आबांनी मान खाली घातली. मग हळूच वर केली. "तिचं रेकॉर्ड असेल बघ."

"खच्चराचं?"

"माणसापेक्षा नीट असतं. माणूस काय, नवीन भरती होतो. खच्चर विकत घ्यावं लागतं."

कामिनीनं ईमेल लिहिला. विषय: बिजली. आबांच्या अर्जाला जितके महिने लागले होते, तितके दिवसही खच्चराला लागले नाहीत. उत्तर सविस्तर होतं. सदर खच्चर त्या दिवशी सेवेत हजर. वर्तणूक उत्तम. दुपारी पोट फुगल्याने जनावरांच्या डॉक्टरांकडे आणली. कारण, अति गोड खाणे. आणणारा, सिपाही उखर्डू अहिरे.

"बघा!" कामिनी ओरडली. "अहिरेकाका सिद्ध झाले!"

"आणि मी?"

तिनं खालपर्यंत वाचलं, मग परत वरून. "तुमचं नाव नाही, आबा. खच्चराला घेऊन ते एकटेच गेले होते. तुम्ही काय करत होतात?"

आबा त्या वेळी पोत्यामागं लपले होते. पण हे त्यांनी सांगितलं नाही.

अशा रीतीनं त्या नोंदीवरून, ज्यानं अर्ज केला त्याला बाजूला ठेवून, ज्यानं केला नव्हता त्याला पदक आलं. पोस्टमननं ते थेट उखर्डूच्या अंगणात दिलं. आबा दुसऱ्यांदा गेले तेव्हा उखर्डू बनियनवर पदक लावून गोठा झाडत होता.

"काम कराले अडचन येस," तो म्हणाला, "पन काढाले मन व्हत नही."

"आता तुझा जबाब चालतो," आबा म्हणाले. "लिही. कौतिक महाजन माझ्यासोबत हजर होता. संपलं."

"हजर व्हता, पन जपेल व्हता."

"अरे, ते कशाला?"

"खरं शे म्हनीसन."

"ड्यूटीवर झोपणं गुन्हा असतो फौजेत! या वयात माझ्या नावापुढं लाल शाईनं लिहितील!"

"मंग जपना कसाले?"

आबांनी विनवण्या केल्या. चिडले. झोपेऐवजी 'विश्रांती' लिही म्हणाले, 'डोळे मिटून पहारा' लिही म्हणाले. उखर्डू ऐकत होता आणि झाडत होता. शेवटी खराटा भिंतीला लावून तो खाटेवर बसला आणि पदकाकडे बघत बोलला, हळू, म्हशीलाच सांगितल्यासारखं.

"कौतिक, हाई गोष्ट मी मन्ही बायकोले सांगू. ती हासे. शंभर खेप सांगी व्हई, तरी हासे. ती गयी. पोरे सुरतले शेतस, त्यासले खच्चर म्हनजे काय तेच माहीत नही. आते हाई गोष्ट फक्त आपला दोन जनसले ठाऊक शे." त्यानं पदक बोटानं पुसलं. "तू जपेल नव्हता असं लिखं, तं मंग लाडू कोनी खादात? तो दिवसच नही व्हयना. मी एकलाच राह्यनू तठे."

म्हशीनं शेपटी मारली. आबा त्याच्या शेजारी खाटेवर बसले. पदक जवळून पाहिलं. छोटंसंच होतं.

"लिही," ते म्हणाले. "जपेल होतो असंच लिही. घोरत होतो तेही लिही."

"घोरत नही व्हता," उखर्डू म्हणाला. "खोटं कसाले लिखू?"

जबाब गेला. आबा लाल शाईची वाट बघत बसले. पिंप्राळ्यात कुणाच्या दारात पोस्टमन थांबला की त्यांना घाम फुटायचा. शेवटी जे पत्र आलं ते कामिनीनं मोठ्यानं वाचलं आणि मग परत एकदा मनात वाचलं, कारण तिचा विश्वास बसेना. पत्रात म्हटलं होतं की, पहाऱ्याच्या जागी झोपण्यासाठी पहाऱ्याच्या जागी असणं आवश्यक आहे. सबब अर्जदाराची हजेरी सिद्ध होते. झोपेबाबतची कारवाई मुदतबाह्य. पदक मंजूर.

"आबा, झोपलात म्हणून होतात!" कामिनी म्हणाली. "जागे असतात तर काही खरं नव्हतं."

पदक आलं. आबांनी ते कोटाला लावलं आणि आरशासमोर फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. ग्रुपमध्ये माणसं तीन. दीपकनं अंगठा पाठवला. तिसरा नंबर रूपाचा. आबा अजून तिच्या फोनचं चार्जिंग आणि रिचार्ज दोन्ही करायचे, त्यामुळं कपाटात टिंग झालं.

दुसऱ्या दिवशी ते पदक लावून कट्ट्यावर गेले. पुना भोळेनं पाहिलं. "आलं का? बरं झालं. आता आमच्यासारखंच." आणि तो केळीच्या भावाकडे वळला. त्यानंतर त्यानं कधीच काही विचारलं नाही. आबा रोज थोडा वेळ बसायचे, कुणी काही म्हणतंय का बघायचे आणि उठायचे. आता ते होते, लेखी होते आणि त्यात कुणाला काही बोलण्यासारखं उरलं नव्हतं. साक्रीच्या गाडीचं वेळापत्रक तेवढं पाठ झालं होतं. ते कशाच्याच उपयोगाचं नव्हतं.

दिवाळी झाली आणि एका सकाळी फोन वाजला. आबांना वाटलं, गॅसची बाई.

"कौतिक, उखर्डू बोली राह्यनू. मन्हा रेकॉर्डमां मोठी गडबड शे. तू लगेच ये."

"कसली गडबड?"

पलीकडं बराच वेळ नुसती म्हैस ऐकू येत होती.

"तू ये तं खरं. मंग सांगसू."

आबा धावत कामिनीकडे गेले. उखर्डूचा फौजेतला नंबर तिच्याकडं होताच. तिनं रेकॉर्ड उघडलं, एकेक ओळ बोट ठेवून वाचली. नाव, गाव, बायकोचं नाव, पेन्शन, पदक.

"सगळं बरोबर आहे, आबा. एकही चूक नाही. कशाला बोलावलंय त्यांनी?"

आबांनी त्या ओळी स्वतः वाचल्या. मग चष्मा काढून खिशात ठेवला आणि दुकानाच्या पायऱ्या उतरायला लागले.

"अहो, चूकच नाही तर निघालात कुठं?"

"साक्रीला," आबा म्हणाले. "उखर्डू आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललाय. अशा वेळी तिथं कुणीतरी हजर पाहिजे." दोन पायऱ्या उतरून ते थांबले आणि मागं वळले.

"आणि जागं पाहिजे."