सुदामभाऊंचा हातात धरायचा गेम

वाटूर फाट्यावर रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या सुदामभाऊंना झाकणाचा भारी राग. वस्तू कुठलीही असो, त्यांनी एकदा उघडली की तिच्यावर पुन्हा झाकण चढायचं नाही. "झाकण लावलं की वस्तू खोटं बोलाया लागती, सर," असं ते मला बजावायचे. मी त्यांचा शेजारी, शाळेत मास्तर. माझा रेडिओ कित्येक वर्षं उघड्या पोटाने बातम्या देत होता. त्यांच्या घरातलं घड्याळ, पंखा, मिक्सर सगळं तसंच. पाहुणे आले की त्यांच्या पत्नी, गयावहिनी, कशाला हात लावायचा नाही ते आधी सांगायच्या आणि मग पाणी द्यायच्या.

एकदा कुणीतरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम दुरुस्तीला टाकून गेला, तो परत फिरकलाच नाही. भाऊंनी गेम नीट केला, पण चालतो की नाही हे बघायला खेळायचं कोण? खेळणं हे आपलं काम नाही म्हणून त्यांनी बटणं वहिनींच्या हातात दिली. झालं, बाई नादावल्या. त्या गेममध्ये एक बुटका शिपाई किल्ल्याचे सात दरवाजे फोडत जातो. वहिनी भाकरी तव्यावर टाकून चौथ्या दरवाज्यापर्यंत जाऊन यायच्या. करपलेली भाकरी भाऊ कौतुकाने खायचे.

मग कापूस वेचायला जाताना वहिनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडल्या. पाठीचा कणाच गेला. जालन्याच्या डॉक्टरांनी हात टेकले. उठून बसणं आता नाही, उताणंच राहायचं. टीव्ही कोपऱ्यात आणि वहिनींची नजर वर पत्र्याला. "दिवसभर खिळे मोजून राह्यले," असं त्या मला म्हणाल्या. त्यांची एकच इच्छा उरली होती, ती त्या हसत हसत सांगायच्या: सातवा दरवाजा पाहिल्याबिगर म्या जात न्हाई.

भाऊंनी दुकान बंद ठेवून गेम फोडला. हातात धरायचा बनवतो म्हणाले. आतली सर्किटची पट्टी कापून लहान केली, एका छोट्या टीव्हीची पडद्याची काच काढली आणि दोन्ही मिळून बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात बसवलं. दोन बाजूंना बटणं, आणि लाइटीचा भरवसा नाही म्हणून खाली स्कूटरची बॅटरी. पंधरा दिवस खपून वस्तू तयार झाली ती दळणाच्या डब्याएवढी जड. अंथरुणातली बाई ती पेलणार कशी, एवढंच नेमकं भाऊंच्या डोक्यात आलं नव्हतं. सगळा फाटा हसला. मीही हसलो, त्याची मला अजून लाज वाटते.

वर आढ्याला टांगा, असं मीच सुचवलं. भाऊंनी टांगला. डबा तोंडावर झुलायला लागला तशा वहिनींनी डोळे गच्च मिटून घेतले.

"दोरीचा भरवसा न्हाई मला," त्या म्हणाल्या. "तुम्ही धरा."

तेव्हापासून रोज दुपारी दोन तास भाऊ खाटेशी उभे राहून डबा त्यांच्या तोंडावर धरायचे आणि वहिनी खालून बटणं दाबायच्या. गिऱ्हाईक आलं तर आत्ता हात रिकामे नाहीत असं आतूनच सांगायचे. वहिनी मात्र आटत चालल्या होत्या. बोटं मंदावली होती. तरी भाऊ रोज बॅटरी भरून आणायचे.

पोळा झाला आणि वहिनी गेल्या.

तेराव्यानंतर मी बसायला गेलो. भाऊंनी विचारलं, "सर, पोचली का हो ती सातव्याला?"

रोज तुम्हीच तर धरून उभे असायचात, मी म्हणालो.

"गेमचं तोंड तिच्याकडं. म्या एक दिवस पाह्यला न्हाई. तिलाच पाहून राह्यल्तो. पोळ्याच्या आधी एकदा लई हसली, तवा वाटलं पोचली. पर इचारलं न्हाई. न्हाई म्हनली असती, मंग?"

मी कोपऱ्यातला डबा उचलला आणि म्हणालो, आडवे व्हा, मी धरतो. ते निमूट वहिनींच्या खाटेवर उताणे झाले. गेम सुरू झाल्याची धून वाजली, पण त्यांनी बटणाला हात लावला नाही. दोन मिनिटांत माझे दंड थरथरायला लागले. माझ्या बाजूने गेम दिसत नव्हता. दिसत होतं ते भाऊंचं ओलं झालेलं तोंड, आणि डबा खाली ठेवायची माझी हिंमत होत नव्हती.