कृष्णस्वामींचा खडक

एकदा मी मनावर घेतलं की घेतलं! सन २००६. कोवलमच्या समुद्राचा एक पट्टा माशांसाठी राखीव करायचा होता, म्हणजे तिथे मासेमारी बंद. मासे कुठे आहेत याची माहिती थोडी आमच्या ऑफिसात, थोडी मत्स्यखात्यात, थोडी विद्यापीठात, आणि तिघांच्याही कपाटांना कुलपं! "सगळ्यांची माहिती एका नकाशावर आणतो," असं मी रामस्वामी साहेबांना छाती फुगवून सांगितलं.

कोळ्यांची माहितीही हवीच. कृष्णस्वामी आमच्या घरी तीन वर्षं वंजरम, म्हणजे आपली सुरमई, आणून देत होते. मी विचारताच बिचाऱ्यांनी पाण्याखालचा आपला खडक सांगून टाकला. "चर्चचा कळस उंच ताडाच्या मागे लपला, की तिथेच जाळं टाकायचं, सार."

मी नकाशावर फुली मारली. पाच गावांतल्या कोळ्यांनी सांगितलेल्या अशा बेचाळीस फुल्या जमल्या. लगेच नकाशाच्या प्रती काढून तिन्ही ऑफिसांत आणि पाचही गावांत वाटल्या!

दुसऱ्या दिवशी सकाळी कृष्णस्वामींच्या खडकावर तीस होड्या!

या खडकावर त्यांचं घर चालायचं, आणि मी तो जत्रेसारखा खुला केला होता. जयवंती, म्हणजे आमची ही, कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो, तुमच्या पोटात काही राहतं का? चला, माफी मागा!" बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन आम्ही कोवलमची बस पकडली.

कृष्णस्वामी वाळूत बसून जाळं विणत होते. मी हात जोडले. ते खो खो हसायला लागले!

"तीसच्या तीस होड्या रिकाम्या आल्या, सार! तिथे नुसती वाळू आहे. आपली जागा आम्ही जावयालाही सांगत नाही."

"मग मला खोटं सांगितलंत?"

"नाही म्हटलं असतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आणि बाकीच्या एकेचाळीस जागा?"

"तीही माणसं चांगलीच आहेत, सार!"

इतक्यात रामस्वामी साहेबांचा फोन. "शाब्बास, विद्याधर! फुल्यांचा सगळा पट्टा राखीव करायला पाचही गावं एका दिवसात तयार! एकाचीही हरकत नाही!"

माशांसाठी राखलेला पट्टा, आणि त्यात मासाच नाही! साहेबांना सगळं खरं सांगितलं. जे ऐकलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कृष्णस्वामींना माझी दया आली. "माफी मागायला आलेला ऑफिसर मी पहिल्यांदाच पाहिला," लाडू खात ते म्हणाले. "उद्या पहाटे या. खरा खडक दाखवतो. आमच्या पोरांसाठी तो वाचला पाहिजे. पण नकाशावर कधी घालायचा, ते मी पाचही गावांशी बोलून सांगेन."

दुसऱ्या दिवशी होडीतून वाकून पाहिलं, तर पाण्याखाली माशांची नुसती झुंबड! एवढा विश्वास माझ्यावर आजवर कुणी टाकला नव्हता.

फक्त जाता-येता माझ्या डोळ्यांवर टॉवेल बांधला होता. आणि त्याची गाठ किनाऱ्यावर जयवंतीने स्वतः दोनदा ओढून पाहिली होती!