दोनशे वर्षांचा मुखवटा

तीर्थलाल ताम्राकारने सकाळी दुकानाचं शटर वर केलं आणि भिंतीकडे बघून तो जागीच थिजला. खिळा होता. खिळ्याखालची पाटी होती. पाटीवर त्याच्याच अक्षरात 'दोनशे वर्षं जुना' असं लिहिलेलंही होतं. फक्त मुखवटा नव्हता.

काठमांडूतल्या बसंतपूरच्या चौकात तीर्थलालइतका संशयी माणूस दुसरा नव्हता. गिऱ्हाइकाने किंमत ऐकून लगेच होकार दिला, तर नोटा खोट्या असतील म्हणून तो त्या उन्हात धरायचा. बायकोने न मागता चहा आणला, तर "आज काय विशेष?" म्हणून विचारायचा. अशा माणसाचीच वस्तू चोरीला जावी, याला काय म्हणायचं?

आणि वस्तूही साधी नव्हती. पितळेचा, सुळे विचकलेला भैरवाचा मुखवटा. दुपारी तीनला हिल्डाबाई नावाचं जर्मन गिऱ्हाईक तो न्यायला येणार होतं. यंदाच्या मोसमात चौकात कबुतरं जास्त आणि प्रवासी कमी होते. हा मुखवटा खपला नाही, तर दुकान बंद करून पाटणला मेहुण्याच्या हाताखाली तांबं ठोकायला जायची पाळी होती. मेहुणा त्याची वाटच बघतोय, असाही तीर्थलालला संशय होता.

कुलूप फुटलेलं नव्हतं. काल संध्याकाळी तो एका लग्नाच्या भोजाला गेला होता आणि दुकान बायकोने, सानुमैयाने, बंद केलं होतं. त्याने तिला फोन लावला.

"मी दिवे घालवले, कुलूप लावलं, घरी आले," ती म्हणाली. "आणि हे बघा, माझा भात उतू चाललाय."

राहिली दुसरी किल्ली. ती शेजारच्या बाबुकाजी रंजितकारकडे असायची. वीस वर्षं शेजारी शाली विकणारा हा माणूस तीर्थलालला सख्ख्या भावासारखा होता; त्याला 'दाज्यू', म्हणजे दादा, म्हणायचा. पण सख्ख्या भावावर तरी तीर्थलालचा कुठे विश्वास होता!

"बाबुकाजी, काल रात्री कुठे होतास?"

"घरी. का रे, दाज्यू?"

"घरी काय करत होतास?"

"बायकोच्या पायाला तेल चोळत होतो."

"वीस वर्षांत कधी चोळलं नाहीस. नेमकं कालच का?"

बाबुकाजीने हातातली शाल खाली ठेवली. "दाज्यू, सरळ बोल. काय गेलं?"

"ते तुला ठाऊक. नसेल ठाऊक, तर चल काळभैरवापुढे. घे शपथ."

आसपासचे दुकानदार एकदम दारात आले. काळभैरव म्हणजे थट्टा नव्हे. जुन्या राजवाड्यापाशी उघड्यावर उभा असलेला तो काळा, दगडी, डोळे वटारलेला देव. त्याच्या पायाला हात लावून जो खोटं बोलेल तो तिथल्या तिथे रक्त ओकून मरतो, हे काठमांडूत शेंबडं पोरही जाणतं. एकेकाळी सरकारदेखील आरोपींना तिथे उभं करायचं. चौकातले लोक त्याच्यासमोरून जाताना फोनवर "पाचच मिनिटांत पोचतो" एवढंही म्हणत नाहीत.

"चल," बाबुकाजी म्हणाला.

तीर्थलाल चपापला. नाही म्हणाला असता तर तो चोर ठरला असता. पण इतक्या पटकन हो म्हणाला, म्हणजे तर बेरकी चोर!

ते दोघे निघाले तशी मागून गर्दीही निघाली. चौकातला हवालदार खड्का वही काढून सामील झाला. भैरवापाशी हिल्डाबाई फोटो काढत उभ्याच होत्या. त्यांना वाटलं, काहीतरी उत्सव आहे. त्या पुढच्या रांगेत आल्या.

बाबुकाजीने चपला काढल्या, भैरवाच्या पायाला हात लावला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "दाज्यूच्या दुकानातलं मी काही घेतलं असेल, तर बाबा, मला इथेच ने."

तेवढ्यात बाबुकाजीला जोराचा खोकला आला. गर्दी तीन पावलं मागे सरली.

"आलं, आलं!" फुलवाली म्हातारी ओरडली. "बाजूला व्हा, रक्त उडेल!"

"धूप गेला गं नाकात, आजी!" डोळे पुसत बाबुकाजी म्हणाला. तीर्थलालने तरी आणखी थोडा वेळ वाट पाहिली. पण बाबुकाजी मरायचं काही चिन्ह दिसेना.

"झालं याचं," हवालदार म्हणाला. "आता फिर्यादी. साहुजी, लावा हात. काय गेलं ते सांगा."

तीर्थलालने ऐटीत हात लावला. "मुखवटा. पितळी."

"किती जुना?"

आत्ता कुठे तीर्थलालच्या लक्षात आलं, की आपण कुठे येऊन उभे आहोत. दोनशे वर्षं म्हणावं तर तो परदेशी बाईला विकायला काढल्याबद्दल बेड्या; शंभर वर्षांवरची वस्तू देशाबाहेर न्यायला बंदी, आणि हवालदार पेन उघडून समोर. शिवाय वरून रक्त. नवा म्हणावं तर गिऱ्हाईक दोन हातांवर उभं.

"जुना म्हणजे... ते बघणाऱ्यावर असतं."

"हात काढू नका. किती जुना?"

काल भोजात खाल्लेल्या मसालेदार मांसाचा तीर्थलालला एकदम ढेकर आला. तोंडात खारट चव आली. हे रक्तच, अशी त्याची खात्री झाली.

"गेल्या दसऱ्याचा!" तो किंचाळला. "पाटणच्या मेहुण्याने केलाय! तीन महिने शेणात पुरला होता! मला वाचव, बाबा!"

"काय म्हणाले?" हिल्डाबाईंनी इंग्रजीत विचारलं. शाली विकून विकून बाबुकाजीला पाच भाषा येत होत्या. त्याने तीर्थलालकडे पाहिलं, मग भैरवाकडे पाहिलं.

"माफ कर, दाज्यू. दुसरीकडे कुठे असतो, तर काहीतरी चांगलं सांगितलं असतं."

आणि त्याने सगळं सांगितलं, शेणासकट.

झालं! तीर्थलालला डोळ्यांपुढे मेहुण्याचं हसरं तोंड दिसू लागलं. पण हिल्डाबाईच हसत होत्या. हॉटेलात त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की जुनी वस्तू नेली तर विमानतळावर अटक होते. आज त्या मुखवटा नको म्हणूनच सांगणार होत्या.

"नवा असेल तर हवाय म्हणतात," बाबुकाजी म्हणाला. "पण आहे कुठे?"

"सरका, सरका!" म्हणत सानुमैया गर्दीतून पुढे आली. नवरा भैरवाकडे गेल्याचं तिला चौकातूनच कोणीतरी कळवलं होतं. धापा टाकत तिने पिशवीतून मुखवटा काढला. त्याच्या सुळ्यांत तांदूळ अडकले होते.

"काल हे हवालदार पाटी वाचून गेले. माझ्या तर तोंडचं पाणीच पळालं. म्हणून तांदळाच्या डब्यात लपवला. विकलाच नाही, तर जेलही नाही!"

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काय विचारलं असतं? 'हवालदाराशी तुझं काय बोलणं झालं?'"

तीर्थलालच्या जिभेवर नेमका तोच प्रश्न होता. तो त्याने गिळला. मग त्याला फार लाज वाटली. "बाबुकाजी, चुकलं माझं," तो म्हणाला.

"इथे म्हणतोयस म्हणजे खरं असणार," बाबुकाजी म्हणाला आणि त्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"चला तर, बाई, दुकानात बसून किंमत ठरवू," तीर्थलाल लगेच म्हणाला.

हिल्डाबाई काहीतरी बोलल्या. बाबुकाजीचा चेहरा खुलला. "बाई म्हणतात, किंमत इथेच सांगा. पायाला हात लावून."

तीर्थलालने भैरवाच्या कानातच सांगावी इतक्या हळू खरी किंमत सांगितली. ती ऐकून हिल्डाबाईंनी आपल्या गावच्या दुकानासाठी आणखी दोन डझन मुखवटे सांगून टाकले. वर्षभर आता मेहुणाच तीर्थलालसाठी ठोकत बसणार होता. सुटकेचा निःश्वास सोडून तीर्थलाल हात काढणार, एवढ्यात सानुमैयाने त्याचं मनगट धरलं.

"राहू द्या तसाच. मलाही एक विचारायचंय."

"अगं, दुकान उघडं आहे!" असं ओरडून तीर्थलाल जो सुटला, तो मागे वळून न बघता. गर्दीतल्या दोन-चार बायकांनी आपापल्या नवऱ्यांकडे अर्थपूर्ण नजरेने पाहिलं. हवालदाराला चौकीची आठवण झाली. कुणाला कुणाची औषधं आणायची होती. बघता बघता भैरवापुढे एकही पुरुष दिसेना.

"काय झालं? काय झालं?" हिल्डाबाई विचारत राहिल्या. पण सांगणार कोण? बाबुकाजीही केव्हाच पसार झाला होता.