लंगडा घोडा आणि बंदोबस्तातली कविता

"मास्तर, मन्हा घोडा तुम्हीन लंगडा करी टाका!"

दगाजी आबांनी लग्नपत्रिकेचा नमुना चष्म्याजवळ नेत असं जाहीर केलं, आणि हेमकांत तोंडातला चहा गिळायचाच विसरला. सारंगखेड्याच्या या घरात तो होणारा जावई म्हणून बसला होता. त्याच्यासमोर होणारे सासरे आबा होते, शेजारी मुलीचे मामा फत्तेसिंग होते, आणि घोडा तर अंगणातसुद्धा नव्हता.

"कुठला घोडा आबा?"

"हाऊ काय! पहा ना, कसा एका आंगे कलंडेल शे!"

आबांचं बोट त्यांच्या स्वतःच्या पुस्तकाच्या नावावर होतं. आयुष्यभर गावच्या यात्रेतल्या घोडेबाजारात घोडे पारखून आबांनी त्यावर एक पुस्तक छापलं होतं. फत्तेसिंग मामांनी तापीवर एक कविता रचली होती आणि यात्रेच्या मंचावर ती दरवर्षी लोक पांगेपर्यंत म्हटली जायची. मुलगी रंजिता सुरतेला नोकरीला. तिच्या ऑफिसातल्या मंडळींसाठी पत्रिकेची एक बाजू इंग्रजीत करायची ठरली, आणि तिथे दोघांच्या नावाखाली त्यांची कृती इंग्रजी नावाने द्यायची, हा आग्रहही दोघांचाच. आबांचं 'द हॉर्स अँड द मॅन', मामांचं 'सन ऑफ तापी'. हे काम आलं हेमकांतकडे. तो रनाळ्याच्या ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवायचा, आणि अशी नावं चुकीची लिहिली म्हणून पोरांचे मार्क कापण्यात त्याचा हात कोणी धरत नसे.

"आबा, इंग्रजीत नियम आहे. पुस्तकाचं नाव तिरप्याच अक्षरांत लिहितात."

"नियम इंग्रजना व्हई. जो जनावर उभा ऱ्हाईसन झुकस, तो आमना बजारमा लंगडा. आनि घोडा मोठा, माणूस मोठा, मझार हाई बारीक काय शे? शिंगरू?"

"ते 'अँड द' आहे. मधले चिल्लर शब्द लहान अक्षरात लिहायचे असतात."

तेवढ्यात मामांनी नमुना ओढून घेतला.

"आबाना घोडा लंगडा का व्हईना, पण मोकळा तरी शे," मामा म्हणाले. "मन्ही कविताना दोन्ही आंगे दोन-दोन पोलीस काबरं उभा करात? ती काय चोरी करीसन पळी जाई ऱ्हायनी?"

"मामा, ती अवतरणचिन्हं आहेत. पुस्तक मोठं म्हणून तिरपं, आणि कविता छोटी म्हणून—"

हे बोलला आणि हेमकांतने जीभ चावली. पण तीर सुटला होता.

"छोटी!" मामा उठून उभे राहिले. "आबानी मोठी, मन्ही छोटी! मंग रंजिताले बोहल्यावर मोठाच लई येवोत. मी येवाव नही."

मामाने हात धरून आणल्याशिवाय मुलगी बोहल्यावर चढत नाही, आणि हा मामा तर शब्दाचा असा पक्का की भावाशी एकदा अबोला धरला तो अजून चालू होता. एवढं चांगलं स्थळ, एवढी मनाजोगती मुलगी, आणि ते सगळं चार टिंबांपायी जाणार?

त्याच संध्याकाळी हेमकांतने नंदुरबारच्या छापखान्यात फोन लावला. तिथला भाग्येश त्याचाच जुना विद्यार्थी.

"भाग्येश, सगळी अक्षरं सरळ कर. सगळी मोठी कर. चिन्हं काढून टाक."

"सर, तब्येत बरी शे ना? याच चुकीकरता तुम्ही मले वर्गाबाहेर उभा कयं व्हतं."

"छाप बाबा. पाया पडतो."

नवा नमुना पाहून आबा खूश, मामाही खूश. हेमकांतला हायसं वाटतंय न वाटतंय तोच नमुन्याचा फोटो पाहून सुरतेहून रंजिताचा फोन.

"हे काय छापलंय तुम्ही? माझ्या ऑफिसात दाखवू तरी कसं?"

"अगं, आबा आणि मामा—"

"मला ठाऊक नाही. बघायला आलात तेव्हा माझ्या बायोडेटातल्या आवडत्या पुस्तकांची नावं पेनाने दुरुस्त केली होती तुम्ही. आई संतापली होती. मी म्हटलं, बघायला येऊनही जो खोटं छान म्हणत नाही, तोच नवरा हवा. आणि तुम्ही एवढ्यात पलटी मारलीत?"

हेमकांतला आत्ता कळलं. ज्या खोडीमुळे लग्न मोडणार होतं, त्याच खोडीमुळे ते जमलं होतं! हे आधी कोणी का नाही सांगितलं?

"एकच पत्रिका बरोबर छापा," रंजिता शेवटी म्हणाली. "माझ्यासाठी. मी जपून ठेवीन. कोणाला दिसणार नाही."

भाग्येशने ती छापली, वेगळ्या जाड पाकिटात घातली, आणि रंजिताला पटकन सापडावी म्हणून गठ्ठ्याच्या अगदी वर ठेवली. इथेच घात झाला. गठ्ठा घरी आला तेव्हा रंजिता अजून सुरतेलाच होती. आबांनी रीतीप्रमाणे पहिली पत्रिका देवापुढे ठेवायला काढली, तर वरचं पाकीट जाडजूड आणि देखणं. ते त्यांनी मामांचं मानाचं आमंत्रण म्हणून बाजूला ठेवलं, दुसरी देवाला दिली, आणि पाकिटाला कुंकू लावून थेट त्यांच्या हाती नेऊन दिलं.

हेमकांतला हे कळलं लग्नाच्या दिवशी, मुंडावळ्या बांधून बोहल्यावर उभा असताना. समोरून मामा येत होते, एका हाताने रंजिताला धरून, आणि दुसऱ्या हातात ती पत्रिका. आता हा माणूस भर मांडवात भाचीला घेऊन माघारी फिरणार!

"मास्तर!" मामा ओरडले. वाजंत्री थांबली.

"मामा, मी सांगतो ना—"

"काय सांगस? गावले साधं कार्ड, आनि मले एकल्याले हाई! मन्ही कविताना दोन्ही आंगे चवऱ्या ढाळी ऱ्हायनात! असा मान मले कोनी दिना नही." मामांनी पत्रिका कपाळाला लावली.

आबांनी पुढे होऊन पत्रिका हिसकावली आणि चष्मा लावला. त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला.

"मास्तर, यान्हा कार्डवर मन्हा घोडा पळी ऱ्हायना! पळताना घोडा पुढे झुकसच. शिंगरू बी संगे शे. आनि बाकी गावना कार्डवर मन्हा घोडा खुट्याले बांधेल का?"

भटजींनी घाईघाईने अंतरपाट धरला म्हणून हेमकांत वाचला. पलीकडून रंजिताचं हसू ऐकू येत होतं. तिला ती पत्रिका जपून ठेवायची होती खरी, पण ती तिला कधीच मिळाली नाही. मामांनी पत्रिकेला चौकट करून घेतली, आणि आबा अधूनमधून नुसता घोडा पाहायला त्यांच्याकडे जातात.