लिंबू कापायचा चाकू

कुणीतरी करणी करून टाकलेलं लिंबू दिसलं, की आपण रस्ता सोडून चालतो. आमचे कांबळेसाहेब ते उचलायचे, धुवायचे आणि डब्यातल्या पोह्यांवर पिळून खायचे.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कोल्हापुरातल्या त्या सरकारी ऑफिसात नुकताच लागलो होतो. शहाण्णव-सत्त्याण्णवचा सुमार असेल. बदल्यांचे दिवस जवळ आले, की आमच्याकडे लिंबं सापडायला लागायची. कधी खुर्चीखाली, कधी कपाटावर. हळदकुंकू माखलेली, टाचण्या टोचलेली. मोठा अधिकारी असो की शिपाई, त्या टेबलाकडे कुणी फिरकायचं नाही. मग कुणीतरी हळूच म्हणायचं, "कांबळेसाहेबांना बोलवा."

लेखा शाखेतून ते सावकाश चालत यायचे. पन्नाशीचे, उंच, किडकिडीत. टाचण्या उपटून टेबलावरच्या डबीत टाकायचे. "सरकारी दिसत्यात," म्हणायचे. मग लिंबू उजेडात धरून एकच वाक्य, "बघू की, काय हुतंय!"

हे म्हणताना त्यांचा चेहरा असा काही व्हायचा, की आमचं हसू घशातच राहायचं. दुसऱ्या दिवशी सगळं ऑफिस दाराकडे डोळे लावून बसलेलं असायचं. साहेब यायचे. पांढराशुभ्र शर्ट, केसांना तेल. हजेरीपटावर सही ठोकून विचारायचे, "का रं, मयताला आल्यागत का बसलाय सगळी?"

अडचण होती ती चाकूची. करणीचं लिंबू कापायला आपली सुरी कोण देणार? टायपिस्ट जोशीबाईंनी एकदा भिडेखातर दिली आणि संध्याकाळी घरी जाताना ती रंकाळ्यात टाकून दिली. तेव्हा साहेबांनी ठरवलं, खिशात आपला स्वतःचा चाकू बाळगायचा. माझ्याकडे लूना होती, म्हणून ही मोहीम माझ्या गळ्यात पडली.

महाद्वार रोडवरच्या पहिल्याच दुकानात साहेब म्हणाले, "मिटायचा चाकू दाखवा. जरा देखणा."

"कशाला पायजे, पावणं?"

"ऑफिसला न्यायला."

दुकानदारानं आमच्याकडे पाहिलं, मग बाहेरच्या लूनाकडे पाहिलं. "ऑफिसात... म्हंजे कुणासाठी?"

"ते अजून ठरायचं हाय," साहेब शांतपणे म्हणाले.

दुकानदारानं चाकूंचा खोका परत काउंटरखाली सरकवला.

दुसऱ्या दुकानात बटण दाबलं की खटकन उघडणारा चाकू निघाला. साहेबांनी तो कानाशी धरून उघडला, मिटला. "न्हाई. ह्यो बोलतोय. चाकूनं बोलायचं नसतंय." पुढच्या ठिकाणी लाल मुठीचा परदेशी मिळाला. "ह्यात बूच काढायचं हाय, डबा उघडायचं हाय, दात कोरायचंबी हाय. चाकू कुठं दडलाय?"

असे कितीतरी शनिवार गेले. शेवटी शिवाजी पेठेतल्या एका बोळात, तालमीला चिकटून असलेल्या अंधाऱ्या दुकानात तो सापडला. काळ्या शिंगाची मूठ, दोन्ही टोकांना पितळ, पातं बोटाएवढं. सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी बसेल असा नाजूक. साहेबांनी तो उघडला. जराही आवाज झाला नाही. मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. माझ्याकडे पाठ फिरवली आणि एकदम वळून तो माझ्या तोंडासमोर धरला.

"भ्या वाटलं?"

"नाही."

"खरं सांग, शिंदे."

"खरंच नाही, साहेब. छान आहे."

"मग ह्योच. भ्यालेल्या माणसाम्होरं काढायचा असतोय ह्यो. चाकू बघून आनकी भ्याला, तर काय उपेग?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

त्याच वर्षी आमच्या ऑफिसात सुरेखा पाटील लागल्या. त्यांचे यजमान आमच्याच आवक शाखेत होते. आजऱ्याहून परतताना मोटारसायकलच्या अपघातात गेले. त्यांच्या जागी सुरेखावहिनींना घेतलं. तेच टेबल, तीच खुर्ची. घरी एक लहान मुलगी, सासू नाही, सासरे नाहीत. त्या जागेवर दोघा-तिघांचा डोळा होता हे सगळ्यांना माहीत होतं, पण बोलत कुणी नव्हतं.

लिंबू पहिल्यांदा टेबलावर सापडलं. नंतर खुर्चीवर. साहेबांनी दोन्ही कापली, दोन्ही खाल्ली. तिसरं मात्र कुलूपबंद ड्रॉवरमध्ये निघालं. त्याला एक लाल रिबीन गुंडाळलेली होती.

वहिनींनी ती पाहिली आणि भिंतीला टेकून खालीच बसल्या. "माझ्या पोरीची हाय ही. शाळेतनं येताना हरवली म्हणत होती. आन् रात्रीपासनं तिला ताप हाय."

ऑफिसात कुणी हललं नाही. मी स्वतः दोन पावलं मागे सरकलो होतो, हे मला नंतर कळलं. जोशीबाई तोंडाला पदर लावून काहीतरी पुटपुटत होत्या. वहिनी म्हणत होत्या, "मला नगं ही नोकरी. लिहून देते. मला नगं."

साहेब आले. त्यांनी खुर्ची ओढली आणि वहिनींच्या समोर, त्यांना नीट दिसेल असे बसले. रिबीन सोडवली, हातानं सरळ केली, घडी घालून त्यांच्या हातात दिली. मग खिशातला चाकू काढला. उन्हात पितळ चमकलं. पातं उघडलं तेही कळलं नाही.

लिंबू कापलं आणि आतून रक्तासारखा लालभडक रस वाहायला लागला. टेबलभर, त्यांच्या बोटांवर, बाहीवर. मागे कुणीतरी किंचाळलं. पाठोपाठ धडाधड खुर्च्या सरकल्या; आमचा धिप्पाड शिपाई सगळ्यांच्या आधी दाराबाहेर होता.

साहेब त्या लाल हाताकडे जरा वेळ बघत राहिले. मग त्यांनी टेबलावरच्या ग्लासात ते पिळलं, चहाच्या ट्रेमधली साखर घातली, ढवळलं.

"साहेब, नको," मी म्हणालो.

"वहिनी, माझ्याकडं बघा," ते म्हणाले. "आता ह्ये माझं झालं. तुमचं न्हाई, पोरीचं न्हाई. बघू की, काय हुतंय!" आणि घटाघट पिऊन टाकलं.

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग डोळे पुसून, पोरीला डॉक्टरकडे न्यायला म्हणून घरी गेल्या. साहेब सुटायच्या वेळेपर्यंत काम करत बसले. बोटं लालच होती.

मला झोप लागली नाही. सकाळ होताच लूना काढली आणि त्यांच्या घरी गेलो. एकत्र काम करूनही मी, किंवा ऑफिसातलं कुणीच, त्यांच्या घरी कधी गेलो नव्हतो. चाळीतल्या शेवटच्या दोन खोल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. मी ते ढकललं.

साहेब डोळे मिटून खुर्चीत बसले होते. आंघोळ केलेली, पांढरा शर्ट, केसांना तेल. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, शेजारी एका हसऱ्या बाईचा. ते हलले नाहीत. मग डोळे उघडून ते म्हणाले, "शिंदे? ये की."

"दार उघडंच होतं, साहेब."

"लिंबू खाल्लं की त्या रात्री कडी लावत न्हाई मी. सकाळी लोकांस्नी दार फोडाय लागू नये. आंघोळबी करून बसतोय. उगंच कुणाला तरास नगं."

"म्हणजे तुम्हाला भीती वाटते?"

"वाटती की. दर खेपंला." ते आपल्या बोटांकडे बघत होते. "कालची लाल शाई हुती. चवीवरनंच वळखली, आपल्याच ऑफिसातली. सुईनं सोडली आसंल कुणीतरी. डोक्याला सगळं कळतंय रं. पोटाला कुठं कळतंय?"

"मग कशाला खाता?"

त्यांनी त्या हसऱ्या बाईच्या फोटोकडे पाहिलं. "आमच्या दारात एकदा सापडलं हुतं. हिनं बघितलं. म्हणाली, कापून दावा, आत काय न्हाई म्हणून. मी उचलून गटारीत टाकलं. मलाच भ्या वाटत हुतं. हिनं अन्न सोडलं ते सोडलंच. डॉक्टर म्हणाला, अंगात काय दुखणं न्हाई. भ्यानंच गेली." मग म्हणाले, "सुरेखावहिनीला लेकरू हाय. माझ्या मागं कोण हाय रडणारं?"

तेवढ्यात बाहेर पायरीवर पावलं वाजली. दारात सुरेखावहिनी उभ्या होत्या, ऑफिसची पर्स काखेला लावून. कडेवर मुलगी, ताप उतरलेली, अर्धवट झोपेतली. वहिनी धावत आल्या असाव्यात. धाप लागली होती. त्यांनी साहेबांना डोक्यापासून पायापर्यंत नीट न्याहाळलं आणि दाराच्या चौकटीला हात धरून हळूच म्हणाल्या, "हाय न्हवं तुम्ही, भाऊजी?"

साहेब धडपडत उठले. "हाय की. बसा, बसा की," म्हणत इकडेतिकडे बघू लागले. घरात खुर्ची एकच होती. ती त्यांनी शर्टाच्या बाहीनं पुसली, वहिनींच्या पुढे सरकवली, आणि मग हात कुठे ठेवावेत ते न कळून, पाहुणे आलेल्या घरातल्या लहान मुलासारखे भिंतीला टेकून उभे राहिले.